अनवाणी नोटरीबाई

बाई चपला काढायच्या. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की माझ्या तोंडून पहिलं हेच येतं, आणि ऐकणारा म्हणतो, त्यात काय, सगळेच काढतात.

दारात चपलांचा ढीग असो नाहीतर नुसता चिखल असो, बाई उंबऱ्याच्या अलीकडं थांबायच्या. एका हातानं चौकट धरायची, दुसऱ्या काखेत शिक्क्याची पेटी, आणि पायानंच पायातली चप्पल मागं सारायची. मग आत. घर कुणाचं, आत कोण आजारी आहे, फरशी ओली आहे का फुटकी आहे, काही बघायच्या नाहीत. मी बाहेर गाडीत बसून बघायचो आणि मला घाम सुटायचा. मी मुळातच भित्रा माणूस. ब्रेक लागत असला तरी लागेल का म्हणून भिणारा. त्यात देवानं मला अशा बाईंच्या दाराशी नेऊन सोडलं, की ज्यांना स्वतःसाठी भीती वाटणं हा प्रकारच माहीत नव्हता. त्यांच्या वाटणीची पण मलाच वाटून घ्यावी लागायची.

बाई आता नाहीत. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा आठवीत सुटली, त्यामुळं जसं बोलतो तसंच लिहिणार.

मी जिंतूरकडचा. एका ठेकेदाराबरोबर मध्य प्रदेशात, देवासला कारखान्यात आलो. ठेका संपला तशी सोबतची पोरं गावी परतली. मी नाही गेलो. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझं पक्कं झालंय. आता काय तोंड घेऊन जायचं? एक जुनी मारुती व्हॅन चालवायला घेतली आणि कचेरीच्या फाटकाबाहेर उभा राहू लागलो. एकदा तिथंच माईशी फोनवर बोलत होतो. "जेवलो गं माय, खरंच जेवलो," असं सांगून फोन ठेवला, तर मागून आवाज आला, "खोटं बोलतोयस. जेवलेला माणूस असा उभा राहत नाही."

वळून बघितलं तर सुती पातळ नेसलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई. काखेत पेटी.

"कुठला रे तू?"

"जिंतूर."

"नाव?"

"मारोती."

"आणि गाडी?"

"ती पण मारुतीच आहे."

बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या की चहावाल्यानं मान वर केली. पेटीतून डबा काढून माझ्या हातात दिला. "पोळी-भाजी आहे. आधी खा, मग मला बागलीच्या रस्त्याला ने." त्या दिवसापासून मारोतीची मारुती बाईंचीच झाली.

बाई म्हणजे कुमुदताई पोतनीस. वकील आणि नोटरी. लोक त्यांना नोटरी बाईसाब म्हणायचे, मी नुसतं बाई. त्यांचं माहेर धारचं. पूर्वज कधीकाळी संस्थानाच्या नोकरीत महाराष्ट्रातून आलेले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. देवासला एकट्या राहायच्या. हिंदी, माळवी फाडफाड बोलायच्या, कचेरीतल्या पोरांना "काय भिया" म्हणायच्या, भिया म्हणजे तिकडचा भाऊ. पण घरातली मराठी माझ्या आजीच्याही आधीची. एकदा सकाळी त्यांना घ्यायला गेलो, तर स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मारोती, देवापुढचा दिवा वाढव रे तेवढा." मी पुढं होऊन भरपूर तेल ओतलं आणि वात वर सारली. बाई बाहेर येऊन बघतात तर ज्योत देवांच्या फोटोला लागायला आलेली.

"अरे, घर जाळतोस का!"

"तुम्हीच म्हणलात वाढव."

"वाढव म्हणजे शांत कर. विझव म्हणायचं नसतं, म्हणून वाढव म्हणायचं. तुमच्याकडं काय म्हणतात?"

"आमच्याकडं फुंकतात."

मग दिवसभर, भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटल्या. "महाराष्ट्रातून आलाय, आणि मराठी आम्ही शिकवतोय!"

त्यांचं काम मला सुरुवातीला कळायचं नाही. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बाकीचे नोटरी बसतात. लोक कागद घेऊन येतात, सही करतात, हे शिक्का मारतात. बाईंचीही तिथं एक खुर्ची होती, पण ती बहुतेक रिकामी. जे लोक येऊ शकत नाहीत, अंथरुणाला खिळलेले, म्हातारे, नुकत्याच बाळंत झालेल्या, त्यांच्या घरी बाई जायच्या. शेडमधल्या इतरांचा याबाबतीत सोपा हिशेब होता. अंगठा घरून लावून आणा, शिक्का आम्ही मारतो.

बाई येता-जाता त्यातल्या एकाला छेडायच्या. "आज कितने अनदेखे देख लिए, भिया?"

तोही तयारीचा. "आप देख लो बाईसाब, आपके तो पैरों में चक्कर है."

गाडीत बसल्यावर मग मला सांगायच्या, "मी कागदावर काय लिहिते माहितीय? या माणसानं माझ्यासमोर सही केली. माझ्यासमोर. मग मला समोर जायला नको?"

आत गेल्या की कागद मोठ्यानं वाचायच्या, ज्याची जी भाषा असेल त्या भाषेत समजावून सांगायच्या. मग घरच्यांना बाहेर पाठवायच्या, आणि त्या माणसाला एकच प्रश्न विचारायच्या. "हा कागद मी आत्ता इथं फाडला, तर तुम्हाला बरं वाटेल का वाईट?" समजलं का, मान्य आहे का, राजीखुशीनं करता का, असलं कायद्याचं सगळं आधी विचारलेलं असायचंच. त्याला सगळे हो म्हणतात. या प्रश्नाला मात्र माणूस थांबायचा. काही जण तर रडायला लागायचे.

माझ्या व्हॅनचे कागद माझ्या नावावर व्हायचे होते तेव्हा मलाही त्यांनी सोडलं नाही. मी म्हणलं, बाई, तुम्ही आहात ना, मी खाली सही ठोकतो. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच." कागद कचेरीच्या हिंदीत, एकेक शब्द दगडासारखा. मी अडखळतोय, कानाच्या पाळ्या लाल झाल्यात, बाजूचे लोक हसतायत. बाईंनी त्यांच्याकडं एकदा रोखून बघितलं आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलं. मास्तरांनीसुद्धा माझ्यासाठी एवढा वेळ कधी काढला नव्हता. आज मी कुठल्याही कागदावर न वाचता सही करत नाही, ती बाईंची देणगी आहे.

आता चपलांचं. मी एकदा धीर करून विचारलंच. "बाई, डॉक्टर घरात येतो तो बूट घालून येतो. वीजवाला येतो, पोलीस येतो. तुम्हीच का काढता? खाली काय काय पडलेलं असतं."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आमचे आजोबा दरबाराच्या कामानं खेड्यात जायचे ते बूट घालून थेट ओसरीवर. लोक खाटेवरून उठून उभे राहायचे. विचाराल त्याला 'जी हुकुम'. आजोबा घरी येऊन सांगायचे, रयत किती राजी आहे. अरे, राजी कसली? बुटाला हो म्हणत होते ते. मी अनवाणी गेले की म्हातारीला वाटतं, कुणीतरी आत्याबाई आली. मग ती खरं सांगते."

मला पटलं. पण पटलं म्हणून भीती गेली नाही.

कारण लोकांच्या घरात शिरणं म्हणजे काय असतं ते मी बघत होतो. कठडा नसलेले जिने. जिन्यावर सांडलेलं तेल. एका नव्या कॉलनीत मालक गेटवर उभा राहून "कुछ नहीं करता, कुछ नहीं करता" म्हणत होता आणि त्याचा कुत्रा बाईंचं पातळ दातात धरून ओढत होता. बाई कुत्र्याला म्हणाल्या, "सोड रे बाबा, कागद तुझ्या नावावर नाहीये." खोकल्यानं भरलेल्या खोल्या, एकच खिडकी, ती पण बंद. तिथं बाई रोग्याच्या तोंडाशी कान नेऊन बसायच्या, कारण त्याचा आवाज निघत नसायचा. मी दारातून मास्क पुढं करायचो. "तोंड झाकलं तर तो कुणाला सांगेल?" म्हणून परत करायच्या. एकदा त्यांना असा खोकला धरला की महिनोन्महिने औषध चाललं. तेव्हाही जायच्याच, फक्त खोकला आला की तोंड फिरवून घ्यायच्या. आता त्यांना रोग्याची नाही, रोग्याला त्यांची काळजी.

आणि माणसं. बागलीला एका म्हाताऱ्याच्या शेताचा कागद होता. बाईंचा प्रश्न ऐकून म्हाताऱ्यानं काय सांगितलं ते त्यालाच ठाऊक, पण बाई पेटी बंद करून उठल्या. दोन धिप्पाड मुलं आत शिरली आणि दार लावून कडी घातली. मी गाडीत. हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गल्लीतली सगळी माणसं जमा झाली. दार उघडलं तेव्हा बाई जमिनीवर मांडी घालून चहा पीत होत्या. नंतर कळलं, कडी लागल्या लागल्या त्या म्हणाल्या होत्या, "दार लावलंस ते बरं केलंस, माश्या येत होत्या. आता चहा टाक." धाकटा मुलगा बिचारा चहा टाकायला गेला.

मी गाडीत रडकुंडीला आलेलो. "बाई, मारलं असतं म्हणजे?"

"मग तू होतास की बाहेर."

मी! मला हसावं का रडावं कळेना. या बाईंना वाटत होतं की मी त्यांचं रक्षण करतो.

बाईंना साखर होती, बऱ्याच वर्षांची. गोळ्या घ्यायच्या, विसरायच्या, मी आठवण केली की माझ्यावरच खेकसायच्या. तळपाय बधिर होत चालले होते. चहाचा कप पायावर सांडला तरी यांना खाली बघितल्यावर कळायचं. हे त्यांनी मला गमतीनं सांगितलं होतं. मला त्यात गंमत दिसली नाही.

मग त्या तरुण विधवेचं घर आलं. बागलीच्या पुढचं खेडं. नवरा नुकताच गेलेला, अजून दिवस झाले नव्हते, आणि दिरानं मुखत्यारपत्र तयार ठेवलं होतं. म्हणजे तिची जमीन यापुढं दीर बघणार, विकायची तर तोच विकणार, तिनं फक्त अंगठा द्यायचा. बाई आत गेल्या. बऱ्याच वेळानं त्या पोरीचा आवाज मला बाहेर ऐकू आला. बारीक पण स्पष्ट. "फाड़ी दो, बाईसाब." मग कागद टरकावल्याचा आवाज. दीर अंगणात तोंड वासून उभा. बाई बाहेर आल्या, चपला घातल्या, गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल. आज मस्त वाटतंय बघ."

खेडं मागं पडल्यावर माझं लक्ष त्यांच्या पायाखालच्या मॅटकडं गेलं.

"बाई, रक्त!"

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

कुणाचं! मी गाडी बाजूला घेतली. तळव्यात हिरव्या काचेचा तुकडा पार आत रुतला होता. त्या पोरीच्या बांगड्या त्याच घरात, मोरीपाशी फोडल्या होत्या, आणि कुणी नीट झाडलं नव्हतं. बाईंनी तुकडा उपसून काढला, उन्हात धरला. "बांगडी वाढलेली आहे," म्हणाल्या. पायातून रक्त गळतंय, पण बांगडी फुटली असं त्यांच्या तोंडून येईना.

डॉक्टर देवासचाच, तरुण. त्यानं जखम बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. "आंटी, आज के बाद नंगे पैर बिलकुल नहीं. घर में भी नहीं."

"देवघरात?"

"नहीं."

"मोरीत?"

"नहीं."

"आणि मेल्यावर?"

डॉक्टर हसला नाही. त्यानं लिहून दिलेले खास बूट मीच आणले. काळे, जाड तळाचे, वर रुंद पट्टा. बाई म्हणाल्या, फौजदार दिसतेय मी. पण घातले. जखमही हळूहळू सुकायला लागली. मी माईला फोन करून सांगितलं की आता काळजी मिटली. माईनं विचारलं, कुणाची? मी म्हणलं, आहेत एक.

ती काळजी मिटलेली कशी दिसते ते मी स्वतः बघितलं. बाई लंगडत होत्या म्हणून पेटी घेऊन मी आत जायचो. देवासमध्येच एक म्हातारी होती, घर तिच्या नावावर, पुतण्याला बक्षीस द्यायचं असा कागद. म्हातारी अंगणात खाटेवर बसलेली. बाई बूट घालून आत गेल्या तशी तिची नजर पहिल्यांदा खाली गेली. बुटांवर. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, खाट धरून उठली आणि हात जोडून उभी राहिली.

"बैठो, माँ," बाई म्हणाल्या. ती बसेना.

पुतण्याला बाहेर काढलं. बाईंनी कागद वाचला, समजावला, आणि तो प्रश्न विचारला.

"जैसा हुकुम, बाईसाब."

"हुकुम नहीं, माँ. तुम्हाला क्या लगता है? फाडूँ?" बाई घाईत मराठी-हिंदी एकत्र करायच्या.

"जो आप कहो."

बाईंनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, जवळ बसून विचारलं. म्हातारी जोडलेले हात सोडेना, आणि "आप कहो" च्या पुढं जाईना. नाही ती एकदाही म्हणाली नाही. अंगठा तिनं आपणहून पुढं केला. कायद्यानं काही अडत नव्हतं. बाईंनी शिक्का मारला.  

काही महिन्यांनी एकदा टेकरीच्या पायथ्याशी, जिथं देवीला जाणाऱ्यांच्या वाटेवर हात पसरून बसणाऱ्यांची रांग असते, तिथून आम्ही चाललो होतो. बाई एकदम म्हणाल्या, "थांबव." खाली उतरल्या आणि रांगेतल्या एका म्हातारीपाशी जाऊन रस्त्यावरच बसल्या. तीच होती, पुतण्याला घर दिलेली. मला ऐकू येत नव्हतं, पण म्हातारी मान हलवत होती आणि हात जोडत होती. बाई परत आल्या तेव्हा त्यांना गाडीची पायरी चढवेना. मी हात दिला.

"मला ओळखलं नाही तिनं," बाई म्हणाल्या. "बूट ओळखले. म्हणाली, आप वो जूते वाली बाईसाब."

दुसऱ्या दिवशी बूट माझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली पडलेले होते. बाईंच्या पायात जुन्या चपला. पुढच्या घराच्या उंबऱ्याशी त्यांनी चौकट धरली आणि चपला मागं सारल्या.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. भर रस्त्यात. "बाई, पाय जाईल तुमचा! डॉक्टरनं सांगितलंय, जाईल!"

"एक जाईल. दोन आहेत."

"चेष्टा करू नका!"

"चेष्टा नाही रे. तुझं बरोबर आहे, मारोती. पण मी त्या म्हातारीला काय सांगू? माझा पाय दुखत होता, म्हणून तुझं घर गेलं?"

  मी तेव्हापासून गाडीत केरसुणी ठेवायला लागलो. बाईंच्या आधी आत जायचो आणि "जरा झाडून घेऊ का" म्हणायचो. लोक चिडायचे. एका बाईनं तर मलाच केरसुणी दाखवली, "हमारा घर गंदा है क्या?" मग मी सतरंजी आणली. दारापासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत अंथरायची. ती बघून बाई खो खो हसल्या. "मी काय नवरी आहे का रे, पायघड्या घालतोस?" मी म्हणलं, मोजे तरी घाला. तर म्हणाल्या, फरशीवर घसरले तर तूच रडशील. त्यांना माझी चेष्टा करण्यात खरंच आनंद व्हायचा. मला रात्री झोप लागायची नाही.

पुन्हा कुठं, काय लागलं ते आम्हाला कळलंच नाही. गाडीत वास यायला लागला. मला वाटलं उंदीर मेला असेल, मी सगळ्या सीटा काढून धुतल्या. वास बाईंच्या पायाचा होता.

इंदूरला नेलं. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, एवढ्यावर भागेल. धारहून त्यांचे भाऊ आले आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. चांगली माणसं. भाचा जवळच्याच तिरल्याच्या शाळेत शिक्षक आहे, त्यानं स्वतः खोलीत दांडे बसवून घेतले. मी देवासचं घर आवरलं. पेटी कुठं ठेवू विचारलं, तर फोनवर म्हणाल्या, "मला आणून दे. असू दे जवळ."

बाई धारला गेल्या म्हणून देवासमध्ये काही थांबलं नाही, हेच मला जास्त लागलं. मला वाटलं होतं, बोंब होईल. माझ्या फोनवर म्हाताऱ्या माणसांचे फोन यायचे, "बाईसाब कब आएंगी?" मी म्हणायचो, येतील. मग ते फोनही कमी झाले. कारण त्यांच्या घरच्यांनी अंगठे घरीच लावून घेतले, आणि शेडखाली शिक्के मिळत गेले. मी शेडमधल्या एका तरुण वकिलाला विनवलं, साहेब, गाडी माझी, पेट्रोल माझं, तुम्ही फक्त घरी चला, माणूस बघा. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भिया, बाईसाब का क्या हुआ, देखा ना?"

मी धारला जमेल तसा जायचो. बाई खिडकीपाशी बसलेल्या असायच्या, चेहरा उतरलेला, पण तोंड चालू. "आलास? गाडीला ब्रेक आहेत ना?" देवासचं विचारायच्या. कोण कसं आहे, कुणाचा कागद झाला. मी खोटं सांगायचो. त्यांना कळायचं. फोनवरच्या "जेवलो गं माय" पासून माझं खोटं त्यांना कळतच होतं.

शेवटचा गेलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात एक जीप येऊन थांबली. देवासची. दोन भाऊ उतरले, चाळिशीचे, आडनाव लिमये. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आलेले, तिथंच निवृत्त झाले, आता अर्धांगानं पडून होते. त्यांच्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात तिचा कागद करायला बाई त्यांच्या घरी गेल्या होत्या.

मोठा म्हणाला, "मावशी, घराचा कागद आहे. बाबा ऐकतच नाहीत. म्हणतात पोतनीसबाई आल्याशिवाय अंगठा देणार नाही. म्हणून त्यांनाच घेऊन आलो. गाडीत आहेत."

"गाडीत?" बाई म्हणाल्या. "देवासहून? या उन्हात?"

"क्या करें, मानतेच नाहीत. तुम्ही फक्त शिक्का मारा."

"अरे, माझा शिक्का देवास जिल्ह्यापुरता. इथं चालत नाही."

"कौन देखता है, मावशी?"

"मी बघते ना," बाई म्हणाल्या.

तरी त्या उठल्या. एका काखेत कुबडी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. अंगणातून रस्त्यापर्यंत यायला आम्हाला फार वेळ लागला. लिमयेकाका मागच्या सीटवर उशांमध्ये आडवे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, शर्ट घामानं चिकटलेला. बाईंना बघून त्यांचे डोळे लकाकले. एक हात हलत होता तो त्यांनी उचलला. बाईंनी खिडकीतून तो धरला.

"तुम्ही," काका कष्टानं म्हणाले, "घरी... येणार होता."

बाईंनी तोंड उघडलं. काय विचारणार ते मला माहीत होतं, किती दारांतून मी ते ऐकलं होतं. दोन्ही मुलगे बाजूला उभे, कुणी अडवलं नसतं. पण बाईंनी तोंड मिटलं. त्या नुसत्या काकांकडं बघत राहिल्या. विचारलं असतं आणि काकांनी खरं सांगितलं असतं, तर ते घेऊन त्या कुठं जाणार होत्या?

"घरी येणार होता," काका पुन्हा म्हणाले.

मोठ्या मुलानं घड्याळ बघितलं. "चला बाबा. वाटेत इंदूरला एकजण आहेत, ते करून देतात. उतरायची पण गरज नाही." धाकट्यानं काकांचा हात बाईंच्या हातातून हळूच सोडवून आत घेतला. जीप सुरू झाली.

"येते हं," बाई म्हणाल्या. "येते."

जीप वळून दिसेनाशी झाली, तरी बाईंचा हात खिडकीच्या उंचीवर तसाच होता.